ढगाळ दिवसातले फोटो एडिट केले की चेहरा राखेसारखा का होतो आणि तो परत कसा आणायचा

जुलै लागला की आपल्या सोलापुरात एक ठराविक आभाळ येतं. सगळीकडून दाटून येतं, वाटतं आता कोसळणार, आणि मग चार चार दिवस तसंच लटकून राहतं, थेंब पडत नाही. हे सप्टेंबरपर्यंत चालतं आणि नेमके याच दिवसात बाहेरच्या फोटोंची कामं असतात, कारण मागच्या हिरवळीचा मोह सगळ्यांनाच असतो. आणि दरवर्षी तोच प्रॉब्लेम. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो बरा वाटतो, घरी येऊन उघडला तर मरगळलेला, म्हणून ब्राइट करायला घेतला की चेहरा राखाडी होतो, राखाडी घालवायला रंग वाढवला की संत्र्यासारखा केशरी होतो, या दोन टोकांमध्ये रात्रीचे दोन वाजतात आणि फोटो जिथल्या तिथं.

मी स्वतः तीन पावसाळे यात घालवले. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एका मुलीचे स्थळासाठी फोटो काढले होते, सिद्धेश्वर तलावाच्या काठाला, मोरपंखी इरकल, लाल टोपपदर, केसात गजरा, सगळं छान होतं. मुलगी सावळी, चेहऱ्यावर तेज असलेली. एडिट करून फोटो पाठवले तर तिच्या आईचा फोन आला, "ओ भैया, पोरगी आजारातनं उठल्यावाणी का दिसूलालीय? घरात तर अशी दिसत नाही की." मी फोटो परत उघडला आणि माऊलीचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. त्या एका फोटोवर मी आठवडाभर बसलो आणि तेव्हा कुठं लक्षात आलं की मी उजेड कमी पडला असं समजून उजेड वाढवत होतो, पण ढगाळ दिवसात फोटोतून गेलेला असतो तो उजेड नाही, उजेडाची दिशा गेलेली असते, आणि तिच्याबरोबर कातडीची ऊब. ब्राइटनेसची पट्टी ओढून या दोन्ही गोष्टी परत येत नाहीत.

आधी नेमकं काय होतं ते बघू. ऊन असतं तेव्हा उजेड एका बाजूनं येतो, एक गाल उजळ, दुसरा सावलीत, नाकाची कड दिसते, चेहरा गोल आहे हे कळतं. ढग आले की अख्खं आभाळच एक मोठा दिवा होतं आणि तो दिवा बरोबर डोक्यावर असतो. म्हणून कपाळ आणि नाकाचा शेंडा उजळतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, हनुवटीखाली मळकट सावली येते, आणि दोन्ही गाल एकसारखे सपाट. त्यात ढगातून येणारा उजेड निळसर असतो, उन्हाचा उजेड साधारण ५२०० ते ५५०० केल्विन (उजेडाचा रंग मोजायचं माप, आकडा वाढेल तसा उजेड निळसर) धरतात तर ढगाळ आभाळाचा ६५०० च्या आसपास किंवा वरसुद्धा जातो. आणि तिसरी गोष्ट, मागचं पांढरं आभाळ फ्रेममध्ये आलं की कॅमेरा त्याला बघून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, कमी करतो, चेहरा एक दीड स्टॉपनं (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) खाली जातो.

आता यावर आपण एक्स्पोजर वाढवतो. फोटोशॉपच्या कॅमेरा रॉ विंडोमध्ये मी त्या मुलीच्या गालावर कर्सर ठेवून रंगांचे आकडे (प्रत्येक रंग ० ते २५५) बघितले होते. वाढवायच्या आधी लाल १४२, हिरवा ११८, निळा १०८. वाढवल्यावर लाल २०१, हिरवा १८२, निळा १७६. म्हणजे गाल उजळला खरा, पण लाल आणि निळ्यातलं अंतर ३४ होतं ते २५ वर आलं. तिन्ही आकडे जेवढे जवळ येतील तेवढा रंग राखाडीकडे जातो. राख म्हणतो ती हीच. कातडी कोणत्याही वर्णाची असो, लाल सगळ्यात जास्त, मग हिरवा, मग निळा, आणि मध्ये व्यवस्थित अंतर, हे असलंच पाहिजे. त्याच मुलीचा घरात खिडकीजवळ काढलेला फोटो उघडून बघितला तर गालावर लाल १७८, निळा ११०. आकड्यांनी उजेड कमी आणि तरी चेहरा कितीतरी जिवंत. तेव्हापासून मी डोळ्यांवर विसंबत नाही, गालावर कर्सर ठेवतो.

त्यामुळं पहिलं काम एक्स्पोजर नाही, व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं ते पांढरंच दिसेल असा अख्ख्या फोटोचा रंग सावरणं. आणि इथंच बहुतेक जण चुकतात, मीही चुकत होतो. ड्रॉपर घेऊन फोटोतल्या पांढऱ्या वस्तूवर क्लिक करायचं एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण पांढरं म्हणजे काय? आभाळावर क्लिक करू नका, ते निळसर आहे किंवा जळून सपाट पांढरं झालंय, त्यातून काहीच माहिती मिळत नाही. डोळ्याच्या पांढऱ्यावर नको, त्यात लालसर छटा असते. गजऱ्यावर नको, मोगरा पिवळट असतो. आणि सगळ्यात मोठा धोका म्हणजे पांढरा शर्ट, कारण आपल्याकडं पांढऱ्या कपड्याला नीळ घालतात. निळीचा शर्ट डोळ्याला शुभ्र दिसतो पण असतो निळा, त्यावर ड्रॉपर टेकवला की सॉफ्टवेअर तो निळा काढून टाकायला अख्खा फोटो पिवळा करतं आणि माणूस काविळीसारखा दिसतो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतले बाराबंदी (पांढरा पारंपरिक अंगरखा) घातलेल्या मंडळींचे फोटो करताना मला हे पहिल्यांदा उमगलं, रांगेतल्या प्रत्येकाच्या बाराबंदीचा पांढरा वेगळा, ज्याच्यावर क्लिक करावं तसा फोटोचा रंग बदलत होता.

मग करायचं काय, तर शूटला जाताना ग्रे कार्ड, म्हणजे कुठलीच छटा नसलेलं राखाडी कार्ड, ठेवायचं. जागा बदलली की एक फ्रेम समोरच्याच्या हातात कार्ड देऊन काढायची आणि घरी ड्रॉपर त्या कार्डावर टेकवायचा, दहा सेकंदाचं काम आहे. ते नसेल तर टेम्परेचरची पट्टी (निळ्याकडून पिवळ्याकडं नेणारी) हातानं वाढवत जायचं, गालाचे आकडे बघत, लाल-निळ्यातलं अंतर ५० ते ७० च्या मध्ये यायला लागलं की थांबायचं. मधल्या उजेडातल्या गालावर हा अंदाज चांगला लागतो, फार सावळ्या किंवा फार उजळ माणसाला थोडं इकडं तिकडं होईल. आणि कॅमेऱ्यात ऑटो व्हाइट बॅलन्स ठेवू नका ओ, ढग पातळ झाला दाट झाला, मागं झाड आलं पाणी आलं की प्रत्येक फ्रेमला वेगळा रंग येतो आणि मग एका फोटोचं सेटिंग दुसऱ्याला लावता येत नाही. मी सरळ ६३०० केल्विनवर फिक्स ठेवतो, चुकलं तरी सगळे फोटो एकसारखे चुकतात आणि एका झटक्यात सुधारतात. रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढत असाल तर हे सगळं नंतर बिनधास्त बदलता येतं, जेपेगमध्ये एका रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात, जास्त ओढाताण केली की गालावर डाग डाग दिसायला लागतात.

व्हाइट बॅलन्स नीट होऊनसुद्धा हनुवटीखाली आणि गळ्यावर हिरवट छटा राहिली तर ती गवताची असते. पावसाळ्यात खाली सगळं हिरवं, वरून आलेला उजेड गवतावर आपटून खालून चेहऱ्यावर येतो. अख्ख्या फोटोचा टिंट (हिरवा ते गुलाबी अशी पट्टी) गुलाबीकडं नेऊ नका, त्यानं कपाळ गुलाबी होईल, फक्त गळ्यावर ब्रशचा मास्क (बदल निवडलेल्या भागापुरताच ठेवणारा) घेऊन टिंट ८-१० नं मॅजेंटाकडं सरकवा आणि सॅच्युरेशन थोडं कमी करा. साडी मोरपंखी किंवा हिरवी असेल तर तिचाही रंग हनुवटीवर चढतो, तोच इलाज.

आता एक्स्पोजर. अख्खा फोटो नाही वाढवायचा, आधी हायलाइट्स, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, खाली घेऊन आभाळ सावरायचं, मग माणसाचा मास्क घेऊन त्याला अर्धा पाऊण स्टॉप द्यायचा. लाइटरूम क्लासिकमध्ये २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये मास्किंग नव्यानं आलं, तेव्हापासून माणूस आणि आभाळ एका क्लिकवर वेगळं होतं, त्याआधी हे काम ब्रशनं करायला अर्धा तास जायचा.

इथपर्यंत आलात की राख गेलेली असते पण चेहरा अजून सपाट असतो, आणि खरं काम आता आहे. आपल्याला ठरवायचंय की उजेड कुठून येतोय. मनानं नाही ठरवायचं, फोटोत शोधायचं, कारण ढगाळ दिवसातही एक बाजू कणभर उजळ असतेच, जिकडं मोकळं आभाळ जास्त तिकडची. डोळे बारीक करून बघा किंवा फोटो तात्पुरता ब्लॅक अँड व्हाइट करा, लगेच कळतं. त्या मुलीच्या फोटोत डावीकडं तलावाचं मोकळं पाणी होतं आणि उजवीकडं झाडी, म्हणून डावा गाल अगदी थोडा उजळ होता. मग तीच दिशा पक्की करायची.

फोटोशॉपमध्ये नवा लेयर (फोटोवर ठेवलेला वेगळा थर) घ्या, ५० टक्के राखाडीनं भरा, ब्लेंड मोड (थर खालच्या फोटोत कसा मिसळायचा ते) सॉफ्ट लाइट. मऊ ब्रश, फ्लो (एका फटक्यात पडणारा रंग) ३ ते ५ टक्के, याच्यावर जाऊच नका. पांढऱ्यानं रंगवलं की उजळतं, काळ्यानं रंगवलं की गडद होतं. उजेडाच्या बाजूचं गालाचं हाड, त्याच बाजूचं कपाळ, नाकाची त्या बाजूची कड, वरच्या ओठाची कमान, हनुवटीचा उंचवटा, इथं पांढरा. पलीकडचा गाल कानाकडून आत येत येत, जबड्याखाली, नाकाची दुसरी बाजू, केसांच्या मुळाशी कपाळाची कड, इथं काळा. एका फटक्यात काही दिसणार नाही, वीस पंचवीस हलके हात मारल्यावर हळूहळू चेहरा वर यायला लागतो, जसं रांगोळीत सावली भरताना बोटानं पसरवत जातात तसंच. मधेमधे लेयर बंद चालू करून बघा. बंद केल्यावर जाणवलं आणि चालू असताना जाणवलं नाही तर बरोबर चाललंय. चालू असताना रंगवल्यासारखं दिसत असेल तर लेयरची ओपॅसिटी ६० वर आणा.

डोळ्यांच्या खोबणी हे वेगळं काम. तिथली सावली पूर्ण काढू नका, माणसाच्या डोळ्याला खोबणी असतेच, ती काढली की डोळे चेहऱ्यावर चिकटवल्यासारखे दिसतात. अर्धी काढा, बस. २०० टक्के झूम करून बघितलं तर तिथली सावली नुसती गडद नसते, निळसर जांभळी असते, म्हणून नुसतं उजळून उपयोग नाही, उजळली की तीच जांभळी छटा वर येते. एक वेगळा लेयर घ्या, मोड कलर, गालावरचा रंग उचला आणि दहा-बारा टक्क्यांनी तिथं फिरवा. ब्रशनं उजळलेल्या बाकीच्या जागांचाही रंग थोडा उडालेला असतो, तोही याच लेयरवर परत देता येतो. बुबुळाच्या खालच्या अर्ध्या भागाला किंचित उजळी द्या. वरच्या अर्ध्यात आभाळाची पांढरी टिकली आधीच असते, ती असू द्या, तिच्यामुळंच डोळा ओला दिसतो.

कॉन्ट्रास्ट शेवटी. कर्व्हचा एस आकार द्यायचा (उजळ अजून उजळ, गडद अजून गडद) पण त्या लेयरचा मोड ल्युमिनॉसिटी ठेवायचा, म्हणजे फक्त उजेड बदलतो, रंग नाही. नॉर्मल मोडमध्ये कॉन्ट्रास्टबरोबर रंगही वाढतो आणि मघाशी सांगितलेला केशरी चेहरा तिथूनच येतो. कपाळावरचं कुंकू बघत राहा, ते आधी सांगतं. कुंकवाचा लाल चमकायला लागला, कडा जळाल्यासारख्या दिसायला लागल्या की समजा रंग जास्त झालाय.

स्किन स्मूथ करायची या फोटोंना गरजच नसते. ढगाचा उजेड मुळातच मऊ, त्यात तुम्ही अजून मऊ केलं की मेणाचा पुतळा होतो. पुटकुळ्या हीलिंग ब्रशनं काढा, बाकी हात लावू नका.

आभाळाबद्दल. पांढरं आभाळ काढून निळं, सूर्यास्ताचं आभाळ टाकायची आता फार सोय झालीय, फोटोशॉपमध्ये २०२० च्या शेवटी तो पर्याय आला आणि तेव्हापासून सगळीकडं तेच चारपाच सूर्यास्त दिसतात. माझं स्पष्ट मत आहे, चेहऱ्यावर उन्हाची खूण नसताना मागं ऊन दाखवू नका, बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण खटकतं. टाकायचंच असेल तर ढगांचंच टाका, पोत असलेले राखाडी ढग. मी पावसाळ्यात गच्चीवरून आपल्याच ढगांचे फोटो काढून ठेवतो, तेच वापरतो. आणि एक युक्ती, मूळ आभाळ अगदी पांढरं असेल तर नव्या आभाळाचा लेयर वर ठेवून मोड मल्टिप्लाय करा. पांढऱ्यावर मल्टिप्लाय केलं की नवं आभाळ जसंच्या तसं दिसतं आणि काळ्या केसांवर जवळपास काही फरक पडत नाही, म्हणजे उडणारे बारीक केस कापत बसायला नको, ती पांढरी किनारही येत नाही. फक्त चेहरा, कपडे आणि खालची जमीन मऊ ब्रशनं मास्क करून मोकळी करायची. तलावाकाठचा फोटो असेल तर पाण्याकडं बघा! वर ढगांचं आभाळ आणि खाली पाणी पांढरं फटक, ही चूक मी चांगल्या चांगल्यांच्या अल्बममध्ये बघितलीय. पाण्यालाही त्याच आभाळाचा उलटा केलेला, थोडा धूसर लेयर हलका द्या.

आता एक गोष्ट जी सॉफ्टवेअरची नाही पण याच प्रॉब्लेमचं मूळ आहे. स्थळासाठीचे फोटो म्हटलं की घरचे हमखास म्हणतात, "जरा गोरी करा." आणि आपण एक्स्पोजर वाढवतो, केशरी रंगाचा ल्युमिनन्स, म्हणजे उजळपणा, वाढवतो, आणि राख तिथंच सुरू होते. सावळी कातडी आणि डल कातडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरच्यांना खटकत असतो तो डलपणा, शब्द ते गोरेपणाचा वापरतात. त्या आईला मी दोन फोटो शेजारी शेजारी दाखवले, एक जुना उजळ केलेला, एक नवा, ज्यात मुलीचा वर्ण तिचाच ठेवला होता, फक्त ऊब आणि दिशा परत आणली होती. त्यांनी लगेच दुसऱ्यावर बोट ठेवलं, म्हणाल्या "ही आमची हाय." गोरी करा हा शब्द परत निघाला नाही. त्यामुळं घरचे मागतात म्हणून आधीच हात ढिला सोडू नका, आधी असा फोटो करून दाखवा. मुलीचा वर्ण बदलून फोटो पाठवायचा आणि बघायच्या कार्यक्रमात तिला समोर बसवायचं, तिथं तिला काय वाटत असेल याचा विचार आपण फोटो काढणाऱ्यांनी केलाच पाहिजे.

शूट करतानाच थोडं जमवलं तर यातलं अर्धं काम वाचतं. डोक्यावरचा उजेड अडवायचा, एवढी एकच गोष्ट करा. भुईकोट किल्ल्याच्या दरवाजाच्या कमानीत माणसाला कडेपासून दोन तीन पावलं आत उभं करा, तोंड बाहेर, वर दगडाचं छप्पर आणि उजेड फक्त समोरून येतो, मग थोडं तिरकं वळवलं की गालावर आपोआप दिशा येते, डोळ्यांच्या खोबणी उजळतात. दाट झाडाखालच्या कडेलाही हेच होतं, फक्त तिथं हिरवी छटा येते. घराचा ओटा, पडवी, शटरच्या आतली जागा, काहीही चालतं. आणि एक थर्माकोलची पांढरी शीट पोटाच्या उंचीवर धरायला कोणीतरी घ्या, ढगाळ उजेडात तिचा फरक कमी दिसतो पण हनुवटीखालची मळकट सावली ती नक्की उचलते.

मोबाइलवरच करत असाल तर स्नॅपसीडमध्ये हाच क्रम धरा, आधी व्हाइट बॅलन्सची ऊब, मग ब्रशमधला डॉज अँड बर्न (उजळ-गडद करणारा) अगदी कमी आकड्यावर, आणि प्रीसेट किंवा फिल्टर लावायचाच असला तर सगळ्यात शेवटी.

एवढं करूनही छापून आलेला फोटो मरगळलेला दिसला तर एडिटिंगला दोष देण्याआधी दोन गोष्टी तपासा. फाइल कोणत्या कलर स्पेसमध्ये (फाइलमधले रंगांचे आकडे कोणत्या मापात वाचायचे ते) दिलीय? लॅब एसआरजीबी धरून चालत असेल आणि तुम्ही अडोबी आरजीबी पाठवली तर रंग फिके येतात, आणि ढगाळ फोटोत मुळात रंग कमी असल्यामुळं ते इथं सगळ्यात जास्त जाणवतं. माझा एक अख्खा अल्बम यात गेला, एक्स्पोर्ट करताना तेवढी एक ओळ बघायची राहिली होती. दुसरं, मॉनिटरचा ब्राइटनेस. अंधाऱ्या खोलीत पूर्ण ब्राइटनेसवर एडिट केलं की फोटो स्क्रीनवर उजळ आणि कागदावर काळा येतो. मी आता अल्बमआधी दोन फोटो चार बाय सहामध्ये छापून आणतो, सकाळी दहाच्या सुमाराला दारात उभा राहून स्क्रीनशेजारी धरून बघतो, आणि कागदावरचा गाल जेवढा गडद वाटेल तेवढा मॉनिटर खाली आणून मगच पुढचे फोटो उघडतो.